चार नंबरची हलकी नदी

"केरळ कट!" आरोहीनं हळदीच्या कांडीनं फरशीवर भली मोठी फुली मारली.

"अगं, काहून?" रुद्र ताडकन उठला. "त्या व्हिडिओत कसलं पाणी होतं! पांढरंफेक!"

"होतं, पण जुलैत होतं. तिथल्या डोंगरातल्या नद्या पावसाळ्यात चालतात. आता मे महिन्यात गेलास तर होडी डोक्यावर घेऊन दगडादगडांतून चालावं लागंल. चालतोस?"

"न्हाई."

"मग कट!"

शिरड शहापूरच्या त्या पत्र्याच्या गोदामात नुसती भट्टी पेटली होती. लाइट सकाळीच गेलेली. अशा दुपारी शहाणं माणूस तिथं पाऊल टाकणार नाही! पण करणार काय? घरात या पोरांना कुणी धड बोलू देत नव्हतं. नदीचं नाव काढलं की कुणीतरी दुकानात पिटाळायचं, नाहीतर "आवाज कमी करा रे!" म्हणून खेकसायचं. म्हणून तेरा वर्षांची आरोही, तिचा धाकटा भाऊ रुद्र आणि चुलत बहीण कोमल रिकाम्या पोत्यांवर बैठक मारून बसले होते. समोर फरशीवर पिवळ्या रेघांनी चार नद्या काढलेल्या.

हिवाळ्यात शाळेच्या शिबिरात आरोहीनं धरणाच्या पाण्यावर कयाक चालवली होती. कयाक म्हणजे अरुंद, टोकदार होडी. एकट्यानं आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडे, उजवीकडे मारत सुटायचं. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना! आता तिला वाहत्या नदीत, दगडांवर फेसाळणाऱ्या पाण्यात कयाक चालवायची होती. आणि कोमलचे वडील, म्हणजे विजयकुमार काका, "उन्हाळ्यात नेतोच बघा सगळ्यांना!" असं चारचौघांत बोलून बसले होते.

"आता गंगा," कोमल म्हणाली. तिला सगळं कसं ओळीनं लागतं. "ऋषिकेशला सोपे टप्पेबी हायेत, अवघडबी हायेत. उन्हाळ्यात पाणी असतं. मला तर गंगाच बराबर वाटते."

"घरात गंगेचं नाव तरी काढून बघ!" आरोही म्हणाली. "गोजरआजी येणार, दोन्ही आत्या येणार, शेजारची रूपाबाई येणार. त्या गंगाजलाच्या बाटल्या भरणार अन् आपण त्या उचलणार. कयाक गेली उडत!"

गंगेवरही फुली पडली.

"मग टोन्स!" रुद्रनं मांडीवर थाप मारली. "उत्तराखंडची टोन्स! बर्फाचं पाणी! एकदम खतरनाक!"

"खतरनाक हाय म्हणूनच न्हाई," आरोही म्हणाली. "अरे बाबा, कितीदा सांगू? नदीच्या पाण्याला ग्रेड असते. एक म्हणजे नुसती खळखळ. दोन-तीन म्हणजे शिकवणारा सोबत घेऊन जायचं. चार-पाच म्हणजे जी माणसं जन्मभर हेच करतात त्यांनी जायचं. अन् सहा म्हणजे गुपचूप घरी बसायचं! टोन्स चार-पाचची हाय. अन् तू? तू अजून विहिरीत पाठीला डबा बांधून पोहतोस!"

"डबा सुटला माझा!"

"सुटला न्हाई, दोरी तुटली. अन् तू किती बोंबललास ते सगळ्या शिवारानं ऐकलं!"

कोमल खो-खो हसली. रुद्रनं तोंड फिरवलं. उरली शेवटची नदी, कोलाडची कुंडलिका. तिच्या वरच्या अंगाला वीजघर आहे. तिथून सकाळी पाणी सुटतं, म्हणून ऐन मे महिन्यातही ती वाहती असते. ग्रेड दोन-तीन. शिवाय तिथले लोक आधी शांत पाण्यात शिकवतात आणि जमलं तरच पुढं नेतात. कोमलनं कुंडलिकेभोवती गोल काढला आणि तिघांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या.

तेवढ्यात गोदामाचं दार करकरलं.

"झालं रे बुकिंग!" विजयकुमार काका घाम पुसत आत आले. "टोन्स नदी! पोरं खूश का?"

आरोही धावत काकांसमोर आली.

"काका! टोन्स न्हाई! आमी कुंडलिका ठरवली! आमी सगळ्या नद्या तपासल्या, हे बघा ना, इथं..."

"तपासायचं काम मोठ्या माणसांचं. हिंगोलीच्या ट्रॅव्हल्सवाल्यानं सगळ्या दाखवल्या मला. त्यातली सगळ्यात हलकी नदी उचलली मी. पहिल्यांदाच चाललात, लेकरांना जड नको."

"हलकी? अहो, ती चार-पाच ग्रेडची..."

"तेच तर म्हणून राहिलो मी! चार-पाच! बराबर हाय की!" एवढं बोलून, वाजणारा फोन कानाला लावून काका निघूनही गेले. जाताना त्यांचा पाय कुंडलिकेवरून पडला आणि निम्मी नदी पुसली गेली.

आता काय म्हणावं या माणसाला! हे काका कोण? रस्त्यात डबकं दिसलं तर गाडीतून उतरून काठीनं खोली मोजणारे! पोरं विहिरीवर गेली की लांबूनच "काठावर बसा, काठावर बसा!" असं ओरडणारे! आणि त्यांनी नेमकी सगळ्यात भयंकर नदी निवडली? वर तिला हलकी म्हणाले?

"ट्रॅव्हल्सवाल्यानं फसवलं असंल," रुद्र म्हणाला.

"नायतर आपण भिऊन परत यावं, असंच पप्पांना वाटत असंल," कोमल म्हणाली.

"मोठ्या आईला सांगू या का?" तिनंच मग हळूच विचारलं. मोठी आई म्हणजे आरोहीची आई, सीमा.

"येडी झालीस का!" आरोही कळवळली. "आईनं काय सांगितलंय? कुठं जरा जरी भ्याव दिसलं तर जायचं न्हाई, अन् पुन्हा कयाकचं नाव काढायचं न्हाई. तिला टोन्सचं कळलं की टोन्सबी गेली अन् कुंडलिकाबी गेली!"

रात्री जेवताना आरोहीनं काकांना फोनवर टोन्सचा व्हिडिओ दाखवायला घेतला. व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला. रेंज नव्हती. आरोहीनं फोन खिडकीत धरला, दारात धरला, अंगणात नेला. परत आली तोवर काका हात धुऊन उठलेसुद्धा.

"काका, फक्त ग्रेडचं ऐका ना! ग्रेड चार म्हणजे..."

"मला ग्रेड शिकवतीस का, पोरी? अख्खा जन्म ग्रेड करण्यात गेला माझा!" काका हसले आणि टॉवेलला हात पुसत बाहेर गेले. आरोहीला इतका राग आला की पुढचा घास गिळवेना.

पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही तिची पाठ सोडेना. अख्खा जन्म ग्रेड करण्यात? काका तर आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते!

सकाळी तिघंही काकांच्या गाडीत जाऊन बसले. "आमाला वसमतचा मोंढा बघायचाय!" काका खूश झाले. आपल्या धंद्यात पोरांना गोडी वाटते म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार. तिथं हळदीचे ढीगच ढीग. हवा पिवळी, माणसं पिवळी, शिंकाच शिंका! काका तिथले आडते, म्हणजे शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून देणारे. एका ढिगापाशी जाऊन त्यांनी कांडी उचलली, कटकन मोडली, आतला रंग बघितला.

"वा! एक नंबर ग्रेड. भारी माल!"

पुढच्या ढिगातली कांडी मोडताना नुसता भुगा झाला.

"छ्या! ही चार नंबर. एकदम हलकी."

आरोही जागच्या जागी थिजली. तिनं कोमलचा दंड असा आवळला की कोमल किंचाळली.

"अगं, दुखलं ना!"

"कोमल! कळलं! काकांना नदी म्हणजे हळद वाटून राहिली! एक नंबर म्हणजे भारी, चार नंबर म्हणजे हलकी!"

"अगं आई गं!" कोमलनं कपाळावर हात मारला. "म्हणून टोन्स हलकी! पप्पांना वाटलं, चार नंबरच्या नदीत दमच न्हाई!"

"रंग उडालेली नदी!" रुद्र म्हणाला.

"कीड लागलेली!"

"लई दिवस गोदामात पडलेली!"

तिघं पोट धरधरून हसले. पण कोडं सुटलं म्हणून काम झालं असं थोडंच आहे? आरोही धावतच काकांकडे गेली. "काका, नदीचं उलटं असतं! तिथं एक नंबर सोपी, अन् चार नंबर जीवघेणी!"

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आसपासच्या व्यापाऱ्यांकडे. "ऐकलं का हो? आमची पुतणी म्हणते, चार नंबर भारी अन् एक नंबर हलका!"

सगळा ओटा खदाखदा हसला. "पोरीला आडत काढून द्या, विजयकुमार! समद्यांचं दिवाळं काढंल!" कुणीतरी ओरडलं. आरोहीचे कान तापले. खरं सांगायचं, पुराव्यासकट सांगायचं, आणि वरून हसून घ्यायचं! तिला वाटलं, त्या चार नंबरच्या ढिगावर उभं राहून बोंब ठोकावी.

तिनं बोंब ठोकली नाही. परतीच्या वाटेवर ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचंच बराबर हाय."

कोमल आणि रुद्र डोळे फाडून बघायला लागले.

"आता कसं!" काका म्हणाले.

"फक्त एक वाटतं. सुट्टी संपल्यावर गावात समदे विचारतील. विजयकुमार आडत्यानं स्वतःच्या लेकीला, पुतण्यांना कोणती नदी दाखवली? आमी काय सांगायचं? चार नंबर?"

गाडीचा वेग कमी झाला.

"स्वतः लोकांना एक नंबर माल देतात," कोमलनं लगेच धागा पकडला, "अन् घरच्यांना हलका!"

"नावं ठेवतील लोक," रुद्रनंही सुस्कारा सोडला.

काकांनी गाडी कडेला घेतली आणि ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला. "हॅलो! अहो, ते हलक्यातलं ऱ्हाऊ द्या. एक-दोन नंबरातली नदी बोला! कोणती? कुंडलिका? दोन-तीन? आमच्या पोरांचंबी तेच म्हणणं होतं. करून टाका!"

मागच्या सीटवर तिघांनी एकमेकांच्या तोंडावर हात दाबले, नाहीतर आरोळीनं काच फुटली असती!

संध्याकाळी अंगणात संपतराव आले. काकांचे जिल्ह्यातल्याच गोरेगावचे दोस्त. सोबत त्यांच्या दोन लेकी, प्रतिक्षा आणि सृष्टी. दोघीही रुद्रपेक्षा लहान. आरोहीची आई चहा घेऊन आली आणि जरा टेकली.

"संपतराव, एक काम करा," काका म्हणाले. "माझं टोन्स नदीचं बुकिंग पडून हाय, पैसे माघारी मिळत न्हाईत. वाया काहून घालवायचं? तुमच्या पोरींना धाडा! हलकी नदी हाय, बारीक लेकरांना बरी. नेणारे-आणणारे लोक हायेत."

"धाडतो की! हरखल्यात बघा पोरी!" संपतराव म्हणाले.

सृष्टी आरोहीजवळ सरकली. "ताई, आमाला पोहायला येत न्हाई. तरी चालतं का गं?"

हे आरोहीच्या हुशारीचं फळ! काकांचं खोटं गणित तिनं दुरुस्त केलं नव्हतं, त्याचा फायदा घेतला होता. आणि आता या दोघी...

"गप बस," रुद्र तिच्या कानाशी कुजबुजला. "मोठी माणसं बघून घेतील. मोठ्या मुश्किलीनं मिळालीय आपली नदी! आई समोर बसलीय!"

आई समोर बसली होती, हेच तर सगळं दुखणं होतं. आरोहीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा सृष्टीकडे. तिला सगळ्यांचाच राग आला, स्वतःचा जास्त.

"न्हाई चालत!" ती एकदम ओरडली. "संपतकाका, पोरींना धाडू नका! त्या नदीत माणूस मरतं!"

संपतरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आरोही!" काका खवळले. "पाहुण्यांसमोर काय बोलून राहिलीस? पुन्हा तेच उलटं ग्रेडचं?"

"व्हय, तेच! अन् आता तुमीच ऐका!"

कोमलनं तोवर वडिलांचा फोन उचलला होता. बुकिंगच्या मेसेजमध्ये टोन्सवरच्या कॅम्पचा नंबर होता. तिनं तो लावला आणि स्पीकर चालू करून फोन वडिलांच्या हातात कोंबला.

"हॅलो, कैंप से बोल रहा हूँ," पलीकडून आवाज आला. मागं पाण्याची घरघर ऐकू येत होती.

काका खाकरले. "हां भैया, हमारे दो छोटे बच्चे भेज रहे हैं. आपकी नदी हलकी है ना? चार नंबर है, इसलिए ली."

"हल्की?" तो माणूस थांबला. "सर, बच्चों को रोल आता है?"

"रोल वगैरा कुछ नहीं लगता. घर का डब्बा देंगे साथ में."

"सर, खाने वाला रोल नहीं! नाव पलट जाए, सिर पानी के नीचे हो, तब दम रोककर खुद को सीधा करना. उसे रोल बोलते हैं."

काकांनी फोन आणखी जवळ धरला. "लेकिन... चार नंबर तो हलका होता है."

"किसने बोला आपको? एक नंबर सबसे आसान है. चार-पाँच में हमारे उस्ताद लोग भी किनारे खड़े होकर पहले आधा घंटा सोचते हैं. सर, बच्चों को यहाँ मत भेजिए. आपके ट्रैवल्स वाले ने उम्र नहीं पूछी?"

"नहीं पूछी," काका पुटपुटले. "और मैंने भी नहीं पूछा."

फोन बंद झाला. संपतरावांनी दोन्ही लेकींना जवळ ओढून घेतलं. काका बाजेवर बसले.

आईनं मात्र आरोहीवरची नजर काढली नव्हती.

"तुला हे कधी कळलं?"

"टोन्स भयंकर हाय, हे आधीपासून. काकांचा घोळ काय झालाय, ते आज मोंढ्यात."

"अन् मला काहून सांगितलं न्हाई?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मग आता काहून सांगितलं?"

आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला अजिबात नको होतं. "त्यांना पोहायला येत न्हाई, आई. मला माझी नदी पाहिजे, लई पाहिजे! पण अशी न्हाई पाहिजे."

"नको तर मी आताबी म्हणू शकते," आई म्हणाली.

"माहीत हाय मला."

आईनं कपबश्या बाजूला सारल्या आणि जमिनीवर मांडी घातली. "बस इथं. आता मला सगळ्या नद्या सांग. पहिल्यापासून."

आरोहीला आधी खरंच वाटेना. मग तिनं सुरुवात केली. केरळ का नाही, गंगेला कोणते टप्पे आहेत, टोन्सचं पाणी कुठून येतं, कुंडलिकेचं पाणी कोण सोडतं! आज पहिल्यांदा मोठ्या माणसानं मध्येच तोंड घातलं नाही. उलट आई खोदून खोदून विचारत होती. पाणी वाढलं तर काय? जाकीट घट्ट बसतं की ढिलं? उलटली होडी तर जवळ कोण? जे आरोहीला माहीत नव्हतं, तिथं ती "माहीत न्हाई" म्हणाली. मग आईनं कुंडलिकेच्या कॅम्पला फोन लावायला लावून त्यांनाच विचारलं.

"रुद्रला कुठपर्यंत नेशील?" आईनं शेवटी विचारलं.

"शांत पाण्यात फक्त. नदीत न्हाई."

"ए!" रुद्र ओरडला, पण आईनं बघितल्यावर बसला.

"वहिनी," काका खालमानेनं म्हणाले, "चूक माझी हाय. समद्या मोंढ्यात हसलो मी पोरीला. उद्या त्याच ओट्यावर उभा राहून सांगतो की तिचंच बराबर होतं."

"सांगाच," संपतराव म्हणाले. त्यांनी आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझ्या घरावरचं मोठं संकट टाळलंस तू. सीमावहिनी, हिला नको म्हणू नका. माझ्या पोरी कुठं पाण्यावर गेल्या, तर या पोरीला इचारूनच जातील."

आरोहीनं आईकडे पाहिलं. आई उठली. पदर खोचून तिनं कपबश्या गोळा केल्या, एक, दोन, सगळ्या.

"आई, सांग ना! जायचं का न्हाई?"

"जायचं," आई म्हणाली. "कुंडलिकेलाच जायचं. मीबी येणार."

रुद्र आणि कोमल नाचायलाच लागले. सृष्टी काही कळलं नसतानाही टाळ्या वाजवत होती. आरोहीनं मात्र धावत जाऊन आईला मागून मिठी मारली, तशा हातातल्या कपबश्या खुळखुळल्या.

"सोड, फुटतील!" आई म्हणाली. मग वळून तिनं आरोहीच्या हनुवटीला धरलं. "अन् एक ध्यानात ठेव. नको म्हणायचं का न्हाई, ते माझं मी ठरवीन. मला न इचारता माझं 'नको' तूच म्हणून मोकळी होत जाऊ नको."